फर्स्ट रिफॉर्म्ड : प्रार्थना सुचेनाशी झालेला पाळक

मंदज्योत

पॉल श्रेडर यांचा 'फर्स्ट रिफॉर्म्ड' (२०१७) मी नुकताच दुसऱ्यांदा पाहिला. पहिल्या वेळी आपल्या नजरेतून काय निसटले होते ते आता लक्षात आले, म्हणून हा धागा. पुढे शेवटासह सगळे कथानक उघड केले आहे, त्यामुळे ज्यांना चित्रपट कोऱ्या मनाने पाहायचा आहे त्यांनी आधी तो पाहावा आणि मग इथे यावे.

न्यूयॉर्क राज्यातल्या स्नोब्रिज नावाच्या लहान गावात डच रिफॉर्म्ड परंपरेचे एक जुने पांढरे चर्च आहे आणि त्याला अडीचशे वर्षे पूर्ण होत आहेत. रविवारच्या उपासनेला मोजकी माणसे येतात. ऑर्गन बिघडलेला आहे. चर्चचा पाळक येणाऱ्याजाणाऱ्यांना वास्तू दाखवतो, भेटवस्तूंचे छोटे दुकानही तोच सांभाळतो, आणि सगळा डोलारा उभा आहे तो 'अबंडंट लाइफ' नावाच्या जवळच्याच एका अवाढव्य, सधन चर्चच्या आधारावर. हा पाळक म्हणजे अर्न्स्ट टॉलर. ईथन हॉक यांनी ही भूमिका इतकी आत ओढून घेऊन केली आहे की बऱ्याच प्रसंगांत त्यांचा फक्त जबडा बोलतो. टॉलर पूर्वी सैन्यात धर्मगुरू होता. घराण्याची रीत म्हणून त्याने मुलाला सैन्यात जाण्यास उत्तेजन दिले, मुलगा इराकमध्ये मारला गेला आणि पत्नी सोडून गेली. आता तो जवळजवळ रिकाम्या घरात एकटा राहतो, दारू पितो, लघवीतून रक्त जात असूनही तपासणी पुढे ढकलत राहतो, आणि वर्षभर रोज हाताने रोजनिशी लिहून वर्षअखेरीस ती नष्ट करायची, असा त्याने नेम केला आहे.

या माणसाकडे मेरी (अमांडा सायफ्रेड) ही गरोदर स्त्री येते आणि माझ्या नवऱ्याशी एकदा बोला, अशी विनंती करते. तिचा नवरा मायकल पर्यावरणासाठी लढणारा कार्यकर्ता आहे. पृथ्वीची जी अवस्था होऊ घातली आहे ती पाहता या मुलाला जन्माला घालू नये, असे त्याचे ठाम मत झाले आहे. टॉलर त्याच्या घरी जातो, दोघे समोरासमोर बसतात, आणि पुढची कितीतरी मिनिटे ते फक्त बोलतात.

मला ज्याविषयी लिहायचे आहे तो हाच प्रसंग. पहिल्या वेळी मी तो पुढच्या स्फोटक भागाची पूर्वपीठिका म्हणून पाहिला होता. आता वाटते की चित्रपटातली खरी पडझड इथेच होते आणि उरलेला सगळा वेळ तिचा आवाज आपल्यापर्यंत पोहोचायला लागतो. मायकल आकडे सांगतो, तापमानाचे, समुद्राच्या पातळीचे, आणि शेवटी विचारतो की आपण या सृष्टीचे जे केले आहे त्याबद्दल देव आपल्याला क्षमा करील का. टॉलरकडे उत्तर नाही. तो आशा आणि निराशा एकाच वेळी मनात धरून जगण्याविषयी बोलतो, स्वतःच्या मुलाविषयी सांगतो. त्याचे बोलणे खोटे नाही, अजागळही नाही. घरी परतल्यावर मात्र तो रोजनिशीत लिहितो की आपल्याला रात्रभर देवदूताशी झुंजणाऱ्या याकोबासारखे वाटले, आणि हा अनुभव चेतवणारा होता. ही नोंद या वेळी मला फार लागली. ज्या माणसाला धीर द्यायला तो गेला होता त्याची निराशा त्याला जिवंत करून गेली! कितीतरी दिवसांनी त्याच्याशी कुणीतरी देवाविषयी खरेखुरे बोलले होते, आणि त्या भुकेपोटी समोरचा माणूस किती खोल पाण्यात आहे हे त्याला दिसले नाही. पुढच्या भेटीआधीच मायकल बंदुकीने स्वतःला संपवतो आणि त्याचा मृतदेह टॉलरलाच सापडतो.

या चित्रपटाविषयी 'श्रद्धा गमावलेल्या पाळकाची गोष्ट' असे सर्रास म्हटले जाते, आणि तिथेच माझा मतभेद आहे. देव नाही, असे टॉलर एकदाही म्हणत नाही. देव आहे याची त्याला भयंकर जाणीव आहे, पण त्याच्याशी बोलण्याची वाट बंद झाली आहे. प्रार्थना जमत नाही म्हणून रोजनिशी आहे, आणि रोजनिशीत लिहिलेले खोडले जाते, पाने फाडली जातात. आपल्याकडे 'आर्त' हा एक शब्द आहे, ज्यात पीडाही आहे आणि ओढही, आणि गीतेने भक्तांचे जे चार प्रकार सांगितले त्यांतही आर्ताला जागा दिली आहे. टॉलरचे दुखणे या शब्दात नेमके बसते. ओढ शिल्लक आहे, किंबहुना वाढलीच आहे, पण ती ज्याच्यापुढे व्यक्त करायची तो ऐकतो की नाही हे कळेनासे झाले आहे, आणि त्याच अवस्थेत त्याला दर रविवारी इतरांना आश्वासन द्यायचे आहे.

आता संथपणाविषयी. श्रेडर कट्टर कॅल्व्हिनपंथी, म्हणजे कडक शिस्तीच्या प्रोटेस्टंट, घरात वाढले. त्या घरात चित्रपट निषिद्ध होते आणि पहिला चित्रपट त्यांनी वयाच्या सतराव्या वर्षाच्या आसपास पाहिला. पुढे १९७२ साली त्यांनी ओझू, ब्रेसाँ आणि ड्रायर या दिग्दर्शकांच्या शैलीवर पुस्तक लिहिले. कॅमेऱ्याने प्रेक्षकाला काही देण्याचे नाकारले की प्रेक्षक स्वतःहून पुढे झुकतो, हा त्यातल्या विवेचनाचा एक गाभा आहे. तरी ती शैली स्वतःच्या चित्रपटासाठी इतक्या पूर्णपणे स्वीकारायला त्यांना चार दशकांहून अधिक काळ लागला. इथे चौकट जुन्या चित्रपटांसारखी, जवळजवळ चौरस आहे. कॅमेरा बहुतेक वेळ जागचा हलत नाही. माणूस खोलीतून निघून गेला तरी तो रिकाम्या दारावर क्षणभर थांबतो. बराच काळ पार्श्वसंगीत नाही आणि रंग थंडीत काकडल्यासारखे फिके आहेत. टॉलर व्हिस्कीच्या पेल्यात पोटदुखीवरचे गुलाबी औषध ओततो, ते दृश्य आठवा. कॅमेरा जवळ जातो, घट्ट गुलाबी द्रव तपकिरी दारूत उतरतो, फेसाळतो, गढूळ ढग होऊन पसरतो, आणि आपण शब्दाविना ते पाहत राहतो. स्वतःच्या शरीराशी त्याने मांडलेले वैर एवढ्या एका पेल्यात सांगून होते.

कुणाला हा चित्रपट कसा दिसला ते वाचायला मला आवडेल, विशेषतः मायकलबरोबरच्या त्या संवादाविषयी आणि शेवटाविषयी.

उंबरठा

धागा आवडला, पण एक आक्षेप नोंदवतो. ज्याला तुम्ही चित्रपटाचा गाभा म्हणता तो प्रसंग स्वीडिश दिग्दर्शक बर्गमन यांच्या १९६३ च्या 'विंटर लाइट'मधून जवळजवळ सहीसही उचललेला आहे. तिथे तोमास हा पाळक आहे, योनास हा मच्छीमार आहे, योनासची गरोदर पत्नी त्याला पाळकाकडे घेऊन येते, आणि त्याला ग्रासणारी भीती आहे ती चीनकडे येऊ घातलेल्या अणुबाँबची. तोमास त्याचे ऐकून घेण्याऐवजी देवाच्या मौनाविषयीचे स्वतःचेच दुःख त्याच्यापुढे मांडतो, आणि योनास नदीकाठी जाऊन स्वतःवर गोळी झाडतो. रोजनिशी लिहिणारा, पोटाच्या दुखण्याने पोखरलेला धर्मगुरू हा तर ब्रेसाँ यांच्या १९५१ च्या 'डायरी ऑफ अ कंट्री प्रीस्ट'मधला. आणि एकटेपणातून हिंसेकडे सरकणारा, मनातले बोलून दाखवणारा नायक श्रेडर यांनी १९७६ च्या 'टॅक्सी ड्रायव्हर'साठीच लिहिला होता. तिन्ही चित्रपट माझे जिवाभावाचे आहेत, म्हणूनच इथे प्रत्येक वळणावर मूळ आठवत राहिले आणि मन टॉलरपाशी ठरले नाही.

'विंटर लाइट'मध्ये मला शेवटपर्यंत पुरून उरतो तो चर्चचा कुबडा सेवक. ख्रिस्ताच्या शारीरिक यातना फार तर काही तासांच्या होत्या, आपण स्वतः त्याहून अधिक सोसले असेल, पण शिष्य झोपी गेले, सोबती पळाले आणि शेवटी पित्यानेही सोडले या विचाराने झालेले दुःख खरे मोठे असणार, असे तो साधेपणाने पाळकाला सांगतो. देवाच्या मौनाविषयी इतके नेमके बोलणारा माणूस श्रेडर यांच्या चित्रपटात नाही.

मंदज्योत

उंबरठा, उसनवारी मान्य आहे, आणि श्रेडर यांनीही ती कधी लपवली नाही. पण एक फरक मला मोलाचा वाटतो. योनासला भीती आहे ती दूरच्या कुणीतरी करू शकेल अशा कृत्याची. मायकलला जे छळते ते आपण सर्वांनी मिळून आधीच केलेले आहे. पहिल्या भीतीपुढे पाळक निदान 'देव तसे होऊ देणार नाही' असे म्हणू शकतो, म्हणजे त्या म्हणण्याला काही जागा तरी आहे. दुसऱ्या प्रश्नात क्षमा मागणारा आणि अपराध चालू ठेवणारा एकच आहे. म्हणूनच बाल्क या उद्योगपतीचे पात्र महत्त्वाचे ठरते. त्याचा कारखाना प्रदूषण करतो, आणि चर्चच्या वर्धापन सोहळ्याचा पैसाही त्याच्याकडूनच येतो. टॉलर ज्या व्यासपीठावरून बोलणार आहे त्याच्या फळ्याही त्या पैशाच्या आहेत.

सेवकाविषयीचे तुमचे म्हणणे मात्र मनाला पटले. इथे त्याच्या जवळपास येणारे एकच वाक्य आहे आणि ते अनपेक्षित माणसाच्या तोंडी आहे. मोठ्या चर्चचा पाळक जेफर्स टॉलरला सांगतो की तू सदानकदा गेथशेमाने बागेतच, म्हणजे अटकेआधी येशूने व्याकूळ होऊन प्रार्थना केली त्या बागेतच, असतोस, स्वतः येशूसुद्धा कायम त्या बागेत नव्हता. जेफर्सला खलनायक समजणाऱ्यांनी हा प्रसंग पुन्हा पाहावा. तो व्यवहारी आहे, तडजोडी करतो, पण टॉलरला त्याच्याइतके अचूक कुणी ओळखलेले नाही. ही भूमिका करणारे सेड्रिक काइल्स मुख्यतः विनोदी कलाकार म्हणून ओळखले जातात, हे आठवले की त्यांच्या इथल्या संयमाचे अधिकच कौतुक वाटते.

कंदील

मी काही वर्षे मानसिक ताणात असलेल्या लोकांचे दूरध्वनी घेण्याचे काम स्वेच्छेने केले आहे, म्हणून त्या संवादाविषयी त्या बाजूने लिहितो.

अशा कामाच्या प्रशिक्षणात अगदी सुरुवातीला शिकवली जाणारी गोष्ट म्हणजे आत्महत्येविषयी सरळ, स्पष्ट शब्दांत विचारणे. विचारल्याने तो विचार डोक्यात भरतो हा समज चुकीचा आहे. उलट, कुणीतरी नाव घेऊन विचारले यानेच अनेकांना हायसे वाटते. दुसरी गोष्ट म्हणजे हाताशी असलेली साधने दूर करणे. टॉलर पहिल्या भेटीत हा प्रश्न विचारत नाही. पुढे मेरीला गॅरेजमध्ये स्फोटकांचा अंगरखा सापडतो, तेव्हा टॉलर तो अंगरखा स्वतःबरोबर नेतो, पण पोलिसांना कळवत नाही, आणि घरात आणखी काय आहे याचा शोध घेतला जात नाही. त्याने वाईट हेतूने काहीच केले नाही. तत्त्वज्ञानाच्या पातळीवरचा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या पातळीवरच पेलण्याचा त्याने प्रयत्न केला, आणि बुद्धिमान माणसांशी बोलताना हा मोह सगळ्यांत मोठा असतो.

तुम्ही उल्लेख केलेली ती 'चेतवणारा' नोंद ऐकली तेव्हा मी चित्रपट थांबवला होता. एका रात्री एका मुलाशी मी दोन तास बोललो होतो. मृत्यूविषयी, अर्थाविषयी, फार सुंदर बोलणे झाले होते, आणि दूरध्वनी ठेवल्यावर मला स्वतःलाच हलके वाटले. दुसऱ्या दिवशी वरिष्ठांनी शांतपणे एवढेच विचारले की तो घरी एकटा होता का. मला ते ठाऊक नव्हते. त्या मुलाने पुढच्या आठवड्यात पुन्हा दूरध्वनी केला, म्हणून हे आज लिहिता तरी येते आहे.

पानगळ

मी प्रोटेस्टंट घरात वाढले, म्हणून इथे न आलेली एक गोष्ट मांडते. डच रिफॉर्म्ड परंपरेत हायडलबर्ग प्रश्नोत्तरीला, म्हणजे श्रद्धेची शिकवण प्रश्नोत्तरांतून देणाऱ्या पुस्तिकेला, फार मोठे स्थान आहे. ती १५६३ सालची आहे, आणि तिचा पहिलाच प्रश्न असा की जीवनात आणि मरणात तुझा एकमेव दिलासा कोणता. उत्तराचा आशय असा की मी माझा स्वतःचा नाही. देहाने आणि आत्म्याने, जगताना आणि मरताना, मी माझ्या तारणाऱ्याचा आहे.

हे मनात ठेवून टॉलरकडे पाहिले की चित्रपट वेगळाच उलगडतो. या परंपरेच्या पाळकाला हे उत्तर पाठ असणार, त्याने ते कितीतरी मरणोन्मुख माणसांच्या उशाशी बसून सांगितलेही असणार. आणि तोच माणूस स्वतःचा देह जणू खासगी मालमत्ता असल्यासारखा वापरतो. आधी दारूने, मग उपचार टाळून, मग मायकलचा तो अंगरखा स्वतःच्या अंगावर चढवून, आणि शेवटी उघड्या अंगाला काटेरी तार गुंडाळून. मी माझा नाही, हा ज्याचा दिलासा असायला हवा, तो देहावरचा आपला हक्क टप्प्याटप्प्याने परत घेत जातो. त्याला वाटते की आपण हौतात्म्याकडे चाललो आहोत. पण निराशा ही गर्वाचीच वाढ आहे, असा थॉमस मर्टन या ख्रिस्ती साधकाचा विचार चित्रपटातच येतो, आणि तो टॉलरला ठाऊक आहे. ठाऊक असूनही ती वाट सुटत नाही, हे मला फार खरे वाटले.

आणखी एक. पृथ्वीचा नाश करणाऱ्यांचा नाश होण्याची वेळ आली आहे, हे वचन बायबलमधल्या प्रकटीकरण या शेवटच्या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात अठराव्या ओवीत खरोखर आहे, आणि ते टॉलरला बरोबर त्या क्षणी सापडते ज्या क्षणी त्याला रागासाठी आधार हवा असतो. धर्मग्रंथ वाचताना हवे तेच वचन नेमके वर येते, या धोक्याविषयी आमच्या घरी लहानपणी वारंवार बजावले जाई.

उत्तररात्र

मला चित्रपटाचा वेग सोसला नाही हे प्रांजळपणे सांगतो. मात्र मेरी आणि टॉलर जमिनीवर एकमेकांवर निजून श्वासाला श्वास जुळवतात, हळूहळू वर उचलले जातात आणि डोंगर-समुद्रांवरून तरंगत शेवटी टायरांच्या ढिगांवर आणि उजाड प्रदेशावर येतात, तिथे मी चकित झालो. इतका वेळ खिळून ठेवलेला कॅमेरा सुटला तेव्हा छातीवरचे ओझे उतरल्यासारखे वाटले. आधीचा संथपणा नसता तर असे वाटले नसते, एवढे मान्य करतो.

शेवट मात्र मला कळला नाही. मेरी खरोखर आत येते का?

मंदज्योत

उत्तररात्र, या प्रश्नावर दोन पक्ष आहेत, आणि श्रेडर यांनी मुलाखतींतून दोन्ही वाटा मुद्दाम मोकळ्या ठेवल्या आहेत. घटनाक्रम असा : सोहळ्याला येऊ नकोस, असे टॉलरने मेरीला बजावलेले असते, कारण तिथे स्फोट घडवायच्या तयारीने त्याने स्फोटकांचा अंगरखा चढवलेला असतो. ती चर्चमध्ये शिरताना दिसताच तो आक्रोश करतो, अंगरखा काढतो, काटेरी तार गुंडाळून त्यावर पांढरा झगा घालतो, आणि नळ साफ करण्याचे विषारी द्रावण पेल्यात ओततो. पेला ओठांकडे नेणार तोच मेरी दारात उभी असते. ती त्याला 'अर्न्स्ट' अशी हाक मारते, जी तिने आधी कधी मारलेली नाही. पेला हातून पडतो, दोघे मिठी मारतात, कॅमेरा त्यांच्याभोवती फिरू लागतो, पलीकडे मोठ्या चर्चच्या गायकवृंदाची प्रमुख एस्थर भक्तिगीत गात असते, आणि गीत अर्ध्यात तुटून पडदा काळा होतो.

हे मरतानाचे दर्शन आहे असे मानणारे या फिरत्या कॅमेऱ्याकडे बोट दाखवतात, कारण असे स्वातंत्र्य आधी फक्त त्या तरंगण्याच्या प्रसंगात मिळाले होते. माझे मन दुसऱ्या बाजूला आहे, आणि त्याचे कारण आहे ती काटेरी तार. मिठी घट्ट होत जाते तसे काटे त्याच्या मांसात अधिक रुततात. स्वप्नातल्या मिठीत काटे कशाला राहिले असते? शिवाय, पानगळ यांनी सांगितलेली प्रश्नोत्तरी वाचल्यावर हे दृश्य मला आणखी स्पष्ट झाले. ज्या देहावर तो एकट्याचा हक्क सांगत होता त्याला दुसरे कुणीतरी येऊन धरते.

पानगळ

मंदज्योत, ते गीत आमच्याही उपासनेत गायले जाते, म्हणून सांगते. देवाच्या सनातन बाहूंवर विसावण्याविषयीचे ते गीत आहे. ते एस्थरच्या आवाजात आहे हे मला अधिक टोचले. हीच ती स्त्री, जिची काळजी टॉलरला सहन होत नाही आणि जिला तो तोंडावर सांगतो की मला तुझा तिटकारा वाटतो. त्याला आधार देऊ पाहणारे बाहू तिचेही होते. तिच्यासाठी कॅमेरा एकदाही फिरत नाही.

उंबरठा

तुमच्या सगळ्यांच्या लिखाणामुळे काल रात्री चित्रपट पुन्हा लावला. आक्षेप पुरता मावळलेला नाही, पण एक जागा मला आधी दिसलीच नव्हती. चर्चमधल्या बाकाखाली जमिनीत एक झडप आहे. गुलामगिरीतून पळालेल्या माणसांना उत्तरेकडे पोहोचवणाऱ्या गुप्त साखळीतला हा एक थांबा होता. टॉलर शाळकरी मुलांना ती झडप उघडून दाखवतो आणि आत अंधारात दाटीवाटीने दडलेल्या माणसांची कल्पना करायला सांगतो. १८५० च्या कायद्यानंतर अशा माणसांना आसरा देणे हा अमेरिकेत सर्वत्र दंड आणि तुरुंगवास ओढवणारा गुन्हा होता, म्हणजे याच मंडळीतल्या कुणीतरी कधीकाळी सदसद्विवेकासाठी कायदा मोडला होता. मायकलने आणि नंतर टॉलरने स्वतःला त्या वारशातले समजावे, हे आता मला समजते. फरक एवढाच की त्या लोकांनी फळ्यांखाली माणसे लपवली होती. टॉलर झग्याखाली स्फोटके लपवतो, आणि मेरी आत शिरते तेव्हा त्याच फळ्यांवर पाहुणे सोहळ्यासाठी बसलेले असतात.